तीन सूत की ०.४०४ : मोठ्या चेन सॉसाठी साखळी निवडताना

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातल्या आमच्या वाडीतले तीन रायवळ आंबे मुळांसकट आडवे झाले. फांद्या घरच्या लहान मशीनने उतरवल्या, परंतु तीन फूट जाडीच्या बुंध्यांपुढे तिचा निभाव लागणार नव्हता, म्हणून ओळखीच्या एका लाकूड ठेकेदाराकडून ३६ इंची बार (जिच्या कडेने साखळी फिरते ती पट्टी) असलेली, ९२ सीसीची जुनी चेन सॉ विकत घेतली. मशीन ठणठणीत होती, साखळी मात्र पार झिजलेली होती आणि नवी कोणत्या मापाची घ्यावी, या एका प्रश्नात माझे जवळजवळ तीन आठवडे गेले.

ठेकेदारांचा सल्ला सरळ होता. "भाऊ, एवढी ताकद हाताशी आहे तर चारशेचारचीच चेन टाका. मोठा दात, मोठा घास." मलाही ते पटले आणि मी ०.४०४ इंच पिचची, म्हणजे कड्यांमधल्या तेवढ्या अंतराची, साखळी मागवून घेतली. ती बारवर चढवली तेव्हा पहिल्यांदा खाली पाहिले. साखळीच्या खालच्या बाजूचे ड्राइव्ह लिंक, म्हणजे तिला ओढणाऱ्या कड्या, स्प्रॉकेटच्या (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) खाचांत बसण्याऐवजी दोन-तीन कड्यांनंतर दात्यांच्या टोकांवर चढून उभे राहत होते, आणि बारच्या नाकातले चाकही तिला आत घेत नव्हते. सुदैवाने मी साखळी हातानेच फिरवून पाहत होतो. मशीन सुरू केली असती तर स्प्रॉकेट आणि साखळी दोन्ही गेली असती.

मग बार काढून रॉकेलने धुतला. तेल आणि भुशाच्या काळ्या थराखाली, शेपटाकडच्या बाजूला, सगळे उत्तर आधीपासूनच कोरलेले होते: ३/८, १.६ आणि ११४. म्हणजे पिच ३/८ इंच, बारच्या खाचेची रुंदी १.६ मिलिमीटर आणि ड्राइव्ह लिंक ११४. आपल्याकडचे सुतार इंचाचे आठ सूत धरतात, त्या हिशेबाने ही तीन सुती साखळी. पिच मोजायचा तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले एकूण अंतर घेऊन त्याचे दोन भाग करायचे. ३/८ मध्ये ते अंतर पाऊण इंचाच्या आसपास भरते, ०.४०४ मध्ये त्याहून थोडे जास्त. फरक डोळ्यांना जाणवत नाही, स्प्रॉकेटला लगेच जाणवतो. खाचेच्या मापातही तीच गत आहे: १.५ ची साखळी १.६ च्या खाचेत हलते आणि काप वाकडा जातो, तर १.६ ची साखळी १.५ च्या खाचेत शिरतच नाही.

आता दोन वाटा होत्या. एक तर बार आणि स्प्रॉकेट दोन्ही ०.४०४ चे करायचे, किंवा आणलेली साखळी बाजूला ठेवून ३/८ ची घ्यायची. पैसे गुंतले असल्यामुळे पहिल्या वाटेकडे माझे मन ओढत होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ठेकेदारांनी त्यांचा जुना ०.४०४ चा बार आणि स्प्रॉकेट दोन दिवसांसाठी दिला, आणि एका बुंध्यावर मी ते जोडकाम चालवून पाहिले. वरचे आठ-दहा इंच काप झकास गेला, भुशाऐवजी जाड चिपा उडत होत्या. बार पूर्ण लाकडात बुडाला मात्र इंजिनाचा आवाज खाली उतरू लागला. कारण गणितात आहे. सात दातांच्या स्प्रॉकेटच्या एका फेऱ्यात ३/८ ची साखळी सव्वापाच इंच सरकते, ०.४०४ ची साडेपाच इंचांहून अधिक, शिवाय ती लाकडात जास्त रुंद काप पाडते, म्हणजे दर फेऱ्याला जास्त लाकूड ओढावे लागते. १२० सीसीच्या मशीनला ते झेपते. माझ्या मशीनची, ३६ इंच बार भरून कापताना, दमछाक होत होती. ठेकेदारांची स्वतःची मशीन १२० सीसीची होती, ही गोष्ट मला आधीच विचारायला हवी होती.

शेवटी ३/८ चीच साखळी ठरवली, पण दात निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. उन्मळलेल्या झाडाच्या सालीत माती भरलेली असते, त्यामुळे चौकोनी कोपऱ्याच्या तिखट दाताऐवजी गोलसर कोपऱ्याचा सेमी-चिझल दात घेतला. तो किंचित हळू कापतो, पण मातीत लवकर बोथट होत नाही. दुसरे म्हणजे, लांब बारवर भुसा अडकू नये म्हणून दात विरळ असलेली स्किप साखळी घेतली. कानस मारायलाही तीत दात कमी, हा फायदा मला नंतर जास्त आवडला.

दुसरा बुंधा कापताना आत भिरूड निघाला. आजच्या साखळीच्या वाकड्या दाताची कल्पना अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जो कॉक्स यांना १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या अशाच एका भुंग्याच्या अळीचे जबडे पाहून सुचली होती. ज्या किड्याच्या नावाने कोकणात बागायतदार बोटे मोडतात, त्याच्याच जातभाईकडून उसना घेतलेला दात मी ५.२ मिलिमीटरच्या गोल कानसीने लावत बसलो होतो.

तिन्ही बुंधे पंधरा दिवसांत उरकले, दर टाकी पेट्रोलनंतर एकदा कानस मारून. ०.४०४ ची एकदाच चालवलेली साखळी ठेकेदारांनी त्यांच्या मशीनसाठी नेली आणि बदल्यात मला चार कानशी दिल्या. त्यांतल्या दोन ५.५ च्या निघाल्या, त्या मी परत केल्या.