त्रेचाळिसावं वचन

अचलपूर तालुक्यातल्या एका गावी मी महिन्यातून एकदा बायबल अभ्यास घ्यायला जातो. त्या दुपारी मार्कनं लिहिलेल्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, पहिला अध्याय होता.

कुष्ठरोगी गुडघे टेकतो, येशूला त्याचा कळवळा येतो, तो हात लावतो, रोग जातो. 'कळवळा' या जागचा ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय, आपलं आतडं तुटतं तसाच. इथवर सोपं. पण ४३व्या वचनात येशू त्याला सक्त ताकीद देऊन लावून देतो. ताकिदीसाठीचं ग्रीक क्रियापद घोड्याच्या फुरफुरण्यालाही वापरत, इतकं ते तापट. आणि 'लावून दिलं' याला जे क्रियापद आहे, तेच मार्क भुतं काढताना वापरतो! शिवाय 'कोडेक्स बेझे' या जुन्या हस्तलिखितात कळवळ्याच्या जागी चक्क 'रागावून' आहे. मत्तय आणि लूक हे दुसरे शुभवर्तमानकार हीच गोष्ट सांगतात तेव्हा कळवळाही गाळतात नि रागही. मला वाटतं, त्यांनाही हे पचलं नसावं.

मी लोकांपुढे प्रांजळपणे सांगितलं, हात लावल्यावर हा राग कशाचा, मला उलगडत नाही.

मागे एक बाबा बसले होते. औषधांनी रोग केव्हाच बरा झालेला, पण बोटं आत वळलेली ती तशीच. पान उलटायला तळहाताची कड वापरतात.

"मले बी मायनं असंच हाकललं होतं, पास्टर," ते म्हणाले. "बाप दवाखान्यात सोडाले चालला होता. माहा पाय दारातून निघे ना. माय वरडली, 'जाय! वापस पाहू नोको!' अन् मंग पदर कोंबला तोंडात."

कुणीच बोललं नाही.

"माह्यावर नव्हता तो राग. वाचा पुढं."

मी वाचलं. याजकाला जाऊन दाखव, मोशेनं नेमलेलं अर्पण कर. याजकानं शुद्ध ठरवल्याशिवाय त्याला वस्तीत परत घेणार नव्हते. येशूची घाई मला तेव्हा कळली. इतकी वर्षं मी हे वचन ताकिदीच्या सुरात वाचत आलो होतो. त्या दिवशी आवाज दाटला.

शेवटच्या वचनात तो माणूस गप्प बसत नाही, जिकडेतिकडे सांगत सुटतो. मग येशूलाच उघडपणे गावात शिरता येईना. तो बाहेर, अरण्यात राहिला.

बाबांनी दोन्ही तळहातांत धरून चष्मा काढला.

"म्हंजे आता थो गावाबाहीर," ते म्हणाले.