धुताना कळतं का?

पालखी पुण्यात मुक्कामी असली की आम्हा फिजिओथेरपीवाल्यांचं एक काम ठरलेलं असतं. वारकऱ्यांचे पाय. नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबांची पालखी, भवानी पेठेत पालखी विठोबाला माउलींची, आणि मधल्या गल्ल्यांमध्ये शाळा, तालमी, दुकानांच्या पायऱ्या, जिथं सावली मिळेल तिथं माणसं पाय पसरून बसलेली. आम्ही सातआठ जण दरवर्षी नाना पेठेत एका मंडळाच्या मांडवात सतरंज्या टाकतो. खोबरेल तेल, कोमट पाणी, चिकटपट्ट्या, एवढंच सामान.

त्या दिवशी दुपारी एका आजींचा पाय माझ्या मांडीवर होता. टाचेला इतक्या भेगा की त्यात तेल जिरत नव्हतं, नुसतं वाहत होतं. आजी म्हणाल्या, "जोरात दाब की. पैसं द्यायचं नाय म्हणून हळू दाबतीस व्हय?" सगळे हसले, मीही हसले. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक बाई माझ्या मागं येऊन वाकल्या. "ताई, तुम्ही त्याच ना, पद्मावतीच्या दवाखान्यातल्या?"

त्यांच्या नवऱ्यावर मी उपचार करत होते. वहिनींना त्याआधी मी फक्त एकदा, फीच्या सुट्ट्या पैशांवरून, फोनवर ऐकलं होतं.

दादा रिक्षा चालवतात. चोवीस वर्षं. तीन आठवड्यांपूर्वी ते पहिल्यांदा आले तेव्हा दारातच कळलं, कारण माणूस सरळ उभाच राहू शकत नव्हता. कंबर एका बाजूला कललेली, डावा हात भिंतीला, आणि उजव्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत एमआरआयची फिल्म. मार्केट यार्डात एका पॅसेंजरचं कांद्याचं पोतं उतरवून देताना कमरेत 'कट' झालं होतं. चार दिवस उसण भरली असेल म्हणून शेकलं, हळद-चुना लावला, मग आळीतल्या एका पायाळू मुलाकडून पाठीला पाय लावून घेतला. (ह्याला हसू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांनी ते केलेलं असतं, आणि त्यातले एक प्राध्यापक होते.) मग डाव्या ढुंगणातून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून अंगठ्यापर्यंत जायला लागली, रात्रीची झोप गेली, तेव्हा डॉक्टर गाठला.

"मणक्यात गॅप आलाय म्हणतात, मॅडम."

हा 'गॅप' पुण्यात घरोघरी आलेला आहे. खरं तर गॅप येत नाही आणि गादी सरकतही नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीची कड चिवट असते, आतला गर मऊ. कड फाटते आणि गर बाहेर येऊन शेजारून जाणाऱ्या नसेला टेकतो. मी पेशंटना करंजी सांगते. तळताना कड उकलली की सारण बाहेर येतं, तसं. दादांचं सारण एल फोर-एल फाइव्हला, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये, डावीकडं आलं होतं.

मी तपासलं. पाठीवर झोपवून डावा पाय सरळ उचलला, तर तीस अंशांतच "बास, बास". पण टाचांवर चालता आलं, चवड्यांवर चालता आलं, अंगठा माझ्या बोटाच्या विरुद्ध जोरात वर उचलता आला. म्हणजे नस चिडली होती, मेली नव्हती. सर्जननी हेच लिहून दिलं होतं: ताकद शाबूत आहे, गोळ्या आणि व्यायाम, सहा आठवड्यांनी बघू.

दादांना मात्र आजच्या आज उत्तर हवं होतं. "ऑपरेशन करू का नको, एकदाच सांगून टाका." मेव्हण्यानं सांगितलं होतं की मणक्याला हात लावला की माणूस कायमचा लोळागोळा. स्टँडवरच्या एकानं सांगितलं होतं की ताबडतोब कापून टाक, माझा भाऊ पंधरा दिवसांत कामावर. मी त्यांना नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाचं सांगितलं, 2007 मध्ये छापून आलेला. पायात अशीच कळ येणारे 283 पेशंट. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, हे खरं. पण वर्षभरानं दोन्हीकडचे शंभरातले पंच्याण्णव बरे. थांबलेल्यांपैकी साधारण चाळीस टक्क्यांना मात्र वर्षाच्या आत ऑपरेशन करावंच लागलं, तेही मी लपवलं नाही. बाहेर आलेलं सारण शरीर हळूहळू खाऊन टाकतं, मोठा तुकडा असला तर बरेचदा जास्तच, हेही सांगितलं. फिल्मला इतकं घाबरू नका म्हणाले. 1994 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात पाठ कधी दुखली नाही अशा 98 माणसांचे एमआरआय काढले, तर निम्म्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या.

"म्हणजे थांबू?"

"थांबा. घाई नको."

ह्या सल्ल्यात चूक नव्हती. आजही तोच देईन. चूक दुसरीकडं होती.

आमच्या तपासणीच्या कागदावर एक ओळ आहे, इंग्रजीत: ब्लॅडर-बाउल. त्यापुढं चौकोन. मी विचारलं होतं, "संडास-लघवी व्यवस्थित ना?" दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, "एकदम ओके." मी खूण केली आणि पुढच्या ओळीला गेले. तेव्हा ते ओके होतंही बहुतेक. पण मी हा प्रश्न का विचारतेय, उद्या उत्तर बदललं तर काय करायचं, ह्यातलं अक्षरही मी बोलले नाही. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, समोर मी दहा वर्षांनी लहान बाई, बाजूच्या पडद्याआड दुसरा पेशंट. विषय लवकर संपला ह्याचं दोघांनाही बरंच वाटलं.

तर मांडवात वहिनी सांगत होत्या. "आठ दिवस झाले, तुमच्याकडं येत नाहीत. म्हणतात कळ कमी झाली."

मी म्हणाले, "अरे वा."

खरंच म्हणाले. अजून कानात आहे.

"कळ कमी झाली, पण दोन रात्री मोरीत जाऊन नुसते उभे राहतात. होतच नाही. उन्हाळी लागली असेल म्हणून मी धने-जिऱ्याचं पाणी देतेय, सब्जा देतेय. आणि पहाटे..." इथं त्यांनी आवाज अगदी खाली आणला, "पहाटे अंथरूण ओलं होतं. कुणाला सांगू नका म्हणालेत."

माझा हात टाचेवर तसाच राहिला. आजी म्हणाल्या, "काय झालं गं?"

घर दोन गल्ल्या पलीकडं, जुन्या वाड्यात, लाकडी जिन्यानं वर. दादा पलंगावर कुशीवर पडलेले. मला बघून उठायला लागले, "अहो मॅडम, इथं कशाला," वगैरे. मी वहिनींना दार लावून घ्यायला सांगितलं आणि वहिनींना आतच थांबवलं.

आम्हाला शिकवलेला प्रश्न परदेशी पुस्तकातला आहे: पुसताना कागदाचा स्पर्श कळतो का? आपल्याकडं कोण पुसतं? मी तो प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भाषेत विचारला.

"दादा, संडासला गेल्यावर धुताना हात लागलेला कळतो का?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. खालून टाळ ऐकू येत होते.

"नाही कळत," दादा म्हणाले. "परवा रात्रीपासनं. मला वाटलं, चोवीस वर्षं सीटवर बसून बधिर झालं असेल."

पाठीच्या कण्यातली मुख्य दोरी कमरेच्या वरच्या भागातच, पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपते. तिथून खाली नुसत्या नसांचा झुबका लोंबत असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. लॅटिनमध्ये नावही तेच, कॉडा इक्वायना. त्यातल्या मधल्या बारीक नसा लघवी, संडास आणि सीटला टेकतो त्या भागाची जाणीव सांभाळतात. सारणाचा मोठा गोळा मधोमध येऊन बसला की त्या चेपतात. लघवी तुंबते, आणि पिशवी काठोकाठ भरली की थेंब थेंब सांडते. लोकांना वाटतं होतेय. आणि कळ कमी झाली तर ती नेहमी बरं वाटल्यानं कमी होते असं नाही. नस बोलायची थांबली की कळही थांबते. ह्या नसांवरचा दाब काढायला तासांचा हिशेब असतो. अठ्ठेचाळीस तास हा आकडा आम्ही घोकलेला. ती काही मुदत नव्हे, जितकं लवकर तितकं बरं. परवा रात्रीपासून मोजलं तर आम्ही चाळिशीत होतो.

कापसाच्या बोळ्यानं मी पायाची जाणीव तपासली, अंगठा वर उचलायला लावला. डावा उचललाच गेला नाही. पलंगाखाली त्यांच्या चपला होत्या. वहिनी म्हणाल्या, "डावी चप्पल सारखी पायातनं सुटते, कालपासनं."

"दादा, ससूनला जायचं. आत्ता. बहुतेक आज रात्रीच ऑपरेशन करतील."

ते माझ्याकडं बघत राहिले. "तुम्हीच म्हणाला होतात, घाई नको."

"म्हणाले होते. तेव्हा प्रश्न पायाच्या दुखण्याचा होता, तो थांबण्यासारखा होता. आता प्रश्न लघवीचा आहे. उद्यावर टाकलं तर जन्मभर नळी लागू शकते."

इतकं रोखठोक मी पेशंटशी कधी बोलत नाही. दाराबाहेर मेव्हणा येऊन थांबला होता, त्यानं गावाकडच्या कुणा पट्टी बांधणाऱ्याचं नाव काढलं. वहिनी त्याच्यावर अशा काही ओरडल्या की तो विषय तिथंच मिटला.

आता जायचं कसं? बाहेर पालखीची गर्दी, निम्मे रस्ते बंद. ॲम्ब्युलन्स गल्लीपर्यंत येईपर्यंत किती वेळ जाईल कोण जाणे. वाड्याच्या दारात ताडपत्रीखाली दादांचीच रिक्षा तीन आठवडे उभी होती. स्टँडवरचा त्यांचा मित्र आला आणि तीच काढली. मागं दादा बसू शकत नव्हते, म्हणून खाली गुडघे टेकून छाती सीटवर ठेवली, देवापुढं दंडवत घालावा तसे. त्या अवस्थेतही प्रत्येक स्पीडब्रेकरला मित्राला शिव्या. "क्लच सोड हळू! माझी गाडी आहे ती!" मधल्या एका चौकात दिंडी आडवी आली. मित्रानं हॉर्न दिला नाही, उतरून पुढच्या विणेकऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. दिंडी थांबली, दोन्ही बाजूंना सरली, आणि आम्ही मधून गेलो.

पुढचं भराभर झालं. मी आधी फोन केला होता, त्यामुळं तिथले डॉक्टर तयार होते. दादांना लघवी करून यायला सांगितलं, ते "झाली थोडी" म्हणाले, आणि सोनोग्राफीत पिशवीत सातशे मिली शिल्लक. चारशे-पाचशेला माणूस बाथरूम शोधत पळतो. ह्यांना काही वाटतच नव्हतं. नळी घातली. नव्या एमआरआयमध्ये जुना डावीकडचा तुकडा मध्यभागी सरकून सगळी पोकळी भरून बसलेला. संमतीच्या कागदावर दादांनी सही केली, पेन माझ्याकडं परत दिलं आणि विचारलं, "त्या नेदरलँडवाल्यांत असं कुणाला झालं होतं का?"

असे पेशंट त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. आधीच वगळले होते. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग आधी सांगायचं ना."

ते चिडून बोलले नव्हते. म्हणूनच जास्त लागलं.

ऑपरेशन मध्यरात्रीनंतर झालं. सकाळी पायातली कळ गेलेली होती, ती लगेच गेली. लघवीचं तसं नाही. सुरुवातीचे काही आठवडे त्यांना दिवसातून चारपाच वेळा स्वतः नळी घालून पिशवी रिकामी करायला शिकावं लागलं. वहिनींनी वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं होतं. तिसऱ्या महिन्यात आपोआप व्हायला लागली, पूर्ण नाही, पण नळी सुटली. अंगठा बराचसा परत आला. डावीकडं हाताएवढा भाग अजून बधिर आहे, तो बहुधा तसाच राहणार. पाचव्या महिन्यापासून अर्धा दिवस रिक्षा सुरू केली. सीटखाली माझ्या सांगण्यावरून जाड उशी, आणि पोती उचलायला साफ नकार.

मी कागद बदलला. ब्लॅडर-बाउलची ओळ काढली आणि मराठीत सहा प्रश्न टाकले, जसे बोलतो तसे. लघवीची धार नेहमीसारखी आहे का? झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का? धुताना हात लागलेला कळतो का? खाली ठळक अक्षरांत: ह्यातलं काहीही बदललं तर दुसऱ्या दिवशीची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जा. हा कागद पेशंटबरोबर घरी जातो, आणि मी तो घरातल्या दुसऱ्या माणसासमोर मोठ्यानं वाचून दाखवते. दोन जण लाजून उठून गेले. एक परत आला.

परवा दादा तपासणीला आले होते. बाकावर बसून त्यांनी तो कागद वाचला, तिसऱ्या प्रश्नाशी थांबले आणि हसायला लागले.

"मॅडम, हे रिक्षाच्या मागं रंगवून घेऊ का?"

मी म्हटलं, घ्या. अजून घेतलेलं नाही. मुलगी नको म्हणतेय.