यादी लागायच्या आधी आणि नंतर

सोमवार

लेकाच्या शाळेच्या रग्बी संघाची निवड चाचणी आज संपली. फर्स्ट फिफ्टीनची, म्हणजे शाळेच्या पहिल्या संघाची, यादी गुरुवारी लागणार. मे महिन्यात ऑकलंडच्या शाळांची सर्वात वरची वन-ए स्पर्धा सुरू झाली की ती थेट ऑगस्टपर्यंत चालते, आणि मैदानाच्या कडेला उभे राहणारे आम्ही पालक आतापासूनच संघ बांधायला लागलोय. प्रॉप कोण, लॉक कोण, फर्स्ट फाइवची जागा कुणाला द्यायची. प्रत्येकाच्या डोक्यात एक संघ पक्का आहे.

माझ्या संघात हूकर आमचा लेक आहे. तो माझा आहे म्हणून नव्हे. का, ते नीट लिहून ठेवतो.

स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत घट्ट गुंतून समोरच्यांना रेटतात. हूकर त्यात पहिल्या ओळीत मधोमध असतो, दोन बाजूंना दोन प्रॉप. म्हणून तो दणकट हवा, असं सगळे म्हणतात. बरोबर आहे. पण एकोणीस वर्षांखालच्या रग्बीत स्क्रम दीड मीटरच्या पुढे रेटता येत नाही. तसा नियमच आहे, मुलांच्या माना आणि पाठी जपण्यासाठी. मोठ्यांच्या सामन्यात समोरच्या आठांना मागे मागे नेत पेनल्टी कमावतात, ती वाट इथे बरीचशी बंद. मग हूकरने संघाला खरं द्यायचं ते लाइनआउटला. चेंडू मैदानाबाहेर गेला की दोन्ही संघांच्या दोन ओळींच्या बरोबर मधून, साथीदारांनी वर उचललेल्या उंच लॉकच्या हातात, नेमक्या क्षणी फेकायचा. फेक वाकडी गेली की चेंडू समोरच्यांचा. जून-जुलैत इथे पाऊस लागतो, चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटतो, पास पडतात, म्हणून सगळे पायाने पुढे मारतात आणि लाइनआउट आणखी वाढतात. शाळेच्या रग्बीतले अटीतटीचे सामने मी तिथेच फिरताना पाहिलेत. आपल्या ट्रायलाइनपासून (तिच्यापलीकडे समोरच्याने चेंडू टेकवला की ट्राय) पाच मीटरवर आपलीच फेक, आणि ती चुकली, की पाच गुण गेलेच म्हणायचे.

आणि चाचणीत फेक बघायला वेळ किती दिला? अगदी शेवटी, मुलं दमून घरी जायच्या बेतात असताना. त्याआधीचा सगळा वेळ धडका आणि धावणं.

बुधवार

लेक नोव्हेंबरातला. इथे वयोगटाची तारीख १ जानेवारी. त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांखालच्या गटांत तो नेहमी आपल्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठ्या मुलांबरोबर खेळला. त्या वयात दहा महिने म्हणजे एकाला मिसरूड फुटलेलं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. जो आधी वाढला त्याला अ संघ मिळतो. अ संघाला चांगला प्रशिक्षक, चांगलं मैदान, तगडे सामने. सतराव्या वर्षी उंची-वजन जवळपास सारखं झालेलं असतं, पण तोवर एकाच्या गाठीला तीन वर्षांचा अनुभव जमलेला असतो. मग निवड करणारा म्हणतो, 'हा तयार खेळाडू आहे.' त्याला तयार कुणी केलं, हे कुणी विचारत नाही.

मी सांगली जिल्ह्यात कबड्डी खेळत वाढलो. किशोर गटाला वजनाची मर्यादा. सामन्याआधी काट्यावर उभं राहायचं, आणि जास्त भरलास तर घरी जा. तेव्हा ती कटकट वाटायची. आज वाटतं, माझ्यासारख्या काटकुळ्या पोराला मैदानात जागा त्या काट्याने दिली. ऑकलंडमध्येही वजनाची मर्यादा असलेले गट आहेत आणि त्यांत सुंदर रग्बी खेळली जाते, वेगवान, हातांची, डोक्याची. पण त्या मैदानाकडे फर्स्ट फिफ्टीन निवडणारे सहसा फिरकत नाहीत. फिरकायला हवं. ॲरन स्मिथ १.७१ मीटर उंचीचा, आणि ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून, १२५ कसोटी खेळला.

आज एका पालकाने सांगितलं की चाचणीला सिडनीच्या एका रग्बी लीग (रग्बीचाच दुसरा प्रकार) क्लबचा माणूस येऊन गेला. असेलही, ते लोक इथल्या शाळांवर नजर ठेवूनच असतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर हे ओझं आहे. काही वर्षांपूर्वी वन-एच्या मुख्याध्यापकांनी सामने टीव्हीवर दाखवणं थांबवलं तेव्हा मैदानावर मोठी ओरड झाली होती. मला मात्र तो निर्णय शंभर टक्के पटला. शनिवारी फेक चुकलेल्या पोराने सोमवारी गणिताच्या वर्गात ताठ मानेने बसायला हवं.

गुरुवार

यादी लागली. लेक सेकंड फिफ्टीनमध्ये. फर्स्टचे दोन्ही हूकर शेवटच्या वर्षाचे, दोघेही त्याच्यापेक्षा चांगले वजनदार.

जेवताना तो म्हणाला, "बाबा, तू प्रशिक्षकांशी बोलू नकोस हं. मीच विचारीन, काय कमी पडलं ते." मी बरं म्हणालो. बोलणार नाही. पण इथे लिहितो: ही निवड मला पटलेली नाही. दोघांपैकी एक हूकर उत्तम आहे, त्याच्याबद्दल शब्द नाही. दुसऱ्याची फेक दुसऱ्या सत्रात ढेपाळते. पहिल्या हूकरला डोक्याला मार लागला आणि रेफरीने निळं कार्ड दाखवलं, तर तो किमान तीन आठवडे बाहेर. त्या तीन शनिवारी लाइनआउट कोण सांभाळणार, याचा विचार झालेला दिसत नाही.

शनिवार

पाऊस. लेकाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळ्या शाळांची नावं लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. दरवर्षी आम्ही दोघं उपांत्य फेरीचे चार संघ लिहितो आणि कागद फ्रिजवर लावतो.

किंग्ज कॉलेज आणि सेंट केंटिगर्न ही नावं दोघांनी न बोलता लिहिली. दोन्हीकडे सोयी मोठ्या, वसतिगृहं आहेत. सेंट केंटिगर्नचं नाव निघालं की बाहेरच्या खेळाडूंचा विषय निघतोच. २०१८ च्या अखेरीस वन-एच्या दहा शाळांनी त्यांच्याविरुद्ध खेळणार नाही असं जाहीर केलं होतं, कारण इतर शाळांतले तयार खेळाडू तिकडे जात होते. पुढच्या मोसमाआधी समेट झाला, नियम कडक झाले. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: चौदाव्या वर्षापासून त्याच शाळेत घाम गाळलेल्या मुलाची जागा शेवटच्या वर्षी बाहेरून आणलेल्याला देऊ नये. त्याने ट्रॉफी मिळेल, पण खालच्या वर्गातली दहा पोरं खेळ सोडतील.

तिसरा माउंट अल्बर्ट ग्रामर. ऑल ब्लॅक्सच्या सनी बिल विल्यम्स आणि केलेब क्लार्क यांची शाळा. तिथली मुलं बिनधास्त पळतात, कोरड्या मैदानावर त्यांना आवरणं अवघड. ऑगस्टपर्यंत तग धरायला मात्र लाइनआउट हवा, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना अंतिम फेरीत धरलेलं नाही.

चौथ्या जागेवर आमचं जमत नाही. लेक ऑकलंड ग्रामर म्हणतो, मी केल्स्टन. त्याचं म्हणणं, ग्रामरचे पुढचे आठ शिस्तीचे, पावसात तेच चालतात. माझं म्हणणं, केल्स्टनचे बॅक्स, म्हणजे मागचे पळणारे, अर्ध्या संधीचा ट्राय करतात आणि वन-एमध्ये चार ट्रायना बोनस गुण आहे. तासभर वाद झाला. आमच्या शाळेचं नाव दोघांनीही लिहिलं नाही. त्याला कारण विचारलं तर म्हणाला, "लाइनआउट, बाबा."

कागदावर चौथ्या जागी आत्ता दोन नावं आहेत.