पाम थ्रीला गार्मिन ईट्रेक्स जोडताना

पाम थ्री हा खिशातला छोटा संगणक, गार्मिन ईट्रेक्स हा हातातला जीपीएस. पिवळ्या ईट्रेक्सची पीसी केबल आणि पाम थ्रीची हॉटसिंक (संगणकाशी डेटा जुळवायची) केबल, दोन्हींच्या टोकाला डीबी-९ (नऊ पिनांचं सीरियल जोडणीचं टोक) फीमेलच असतं. दोन्ही संगणकाच्या पोर्टसाठी बनवलेल्या. मधे हवा मेल-टू-मेल नल मोडेम अडॅप्टर, म्हणजे पाठवायची आणि घ्यायची वायर आपसात बदलणारा. साधा जेंडर चेंजर लावला तर केबली घट्ट बसतात, पण एक अक्षर येत नाही: पिन २ दोन्हीकडे 'संगणकाकडे पाठव' हेच काम करते.

असा अडॅप्टर सहज मिळत नाही, म्हणून मी दोन मेल प्लग पाठीला पाठ लावून सोल्डर केले. जीपीएसकडची २ पामकडच्या ३ ला, ५ ला ५. जीपीएसवरून आपलं ठिकाण नुसतं वाचायचं तर एवढ्या दोन वायरी पुरतात. पामवरून वेपॉइंट (नोंदवलेली ठिकाणं) चढवायचे असतील तर ३ ते २ अशी तिसरी घाला. बाकी पिना मोकळ्या. प्लग उलटे धरले की पिनांची रांग आरशासारखी फिरते आणि २ समोर ४ येते. त्यामुळे जागा मोजू नका, प्लॅस्टिकवरचे बारीक आकडे वाचा आणि शेवटी मल्टिमीटरने तपासा.

ईट्रेक्सच्या सेटअपमध्ये इंटरफेस 'गार्मिन'वर असेल तर तो 'एनएमईए'वर (जीपीएसची साध्या अक्षरांतल्या ओळी पाठवायची पद्धत) आणा. पामवर आधी नकाशाचं सॉफ्टवेअर उघडूच नका. एखादा टर्मिनल प्रोग्राम (पोर्टवर येणारी अक्षरं तशीच दाखवणारा) ४८०० बॉड (डेटाचा वेग), ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असा लावा. हँडशेक (थांब-पाठवचे इशारे) बंद, कारण त्या वायरी केबलमध्ये नाहीतच. डॉलर चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी धावू लागल्या की केबल पास. कचरा दिसला तर बॉड रेट चुकलाय, काहीच नाही तर वायरिंग किंवा इंटरफेस. ही चाचणी घरात बसूनही होते. उपग्रह नसले तरी ओळी येतात, फक्त जीपीआरएमसी नावाच्या ओळीत 'ए'च्या (ठिकाण सापडलं) जागी 'व्ही' (नाही सापडलं) असतो आणि स्वल्पविरामांमधल्या जागा रिकाम्या.

या ओळींतला अक्षांशाचा १८३१.२० हा आकडा म्हणजे १८ अंश ३१.२० मिनिटं. दशांश अंश समजून नकाशावर टाकला की भलत्याच गावात पोचाल.

पाम थ्रीत सीरियल आणि इन्फ्रारेडला यूएआरटी (सीरियल डेटा पाठवणारं-घेणारं सर्किट) एकच. जीपीएसचा प्रोग्राम पोर्ट धरून बसला की बीमिंगही (इन्फ्रारेडने पाठवणं) नाही आणि हॉटसिंकही नाही, म्हणून आधी तो बंद करा. पोर्ट उघडा असेपर्यंत पामच्या दोन ट्रिपल-ए पेन्सिल सेलही भराभर उतरतात. मला तर दिवसभर जोडून ठेवण्यापेक्षा नाक्यानाक्यावर जोडणं परवडतं.

राहिला डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो. ईट्रेक्सवर निवडलेला डेटमच एनएमईएच्या आकड्यांनाही लागू होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं मोजमाप) आहेत. पामवरचं सॉफ्टवेअर डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा स्वतःचा डेटम) धरून चालत असेल आणि ईट्रेक्स टोपोशीटसाठी 'इंडियन'वर राहिला असेल, तर सह्याद्रीत ठिकाण सहज शंभरेक मीटर सरकतं. ईट्रेक्स डब्ल्यूजीएस ८४ वर ठेवा आणि टोपोशीटसाठीचं रूपांतर पामवर करा.