थेंब लहान होत नाही : आमची वाटचाल

बागेतल्या मॉडेल रेल्वेसाठी स्थानकं, पूल आणि बोगद्यांची तोंडं करायला सुरुवात केली, तेव्हा आमचा सगळा जोर पाणी अडवण्यावर होता. प्रत्येक सांधा सिलिकोनने बंद, तळही बंद. तरी पहिल्या पावसानंतर इमारती आतून ओल्याच निघाल्या. केसाएवढ्या फटीतून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. त्यात दिवसा तापलेली आतली हवा रात्री गार झाली की वाफ भिंतींवर धरायची आणि पंधरा दिवसांत बुरशी यायची.

यातून कळलेली गोष्ट आमच्या सगळ्या कामाचा पाया झाली. दार, कौल, फलाट सगळं प्रमाणात लहान करता येतं. पावसाचा थेंब मात्र लहान होत नाही. खऱ्या स्थानकाच्या वळचणीतून पागोळ्या सरळ खाली पडतात. तीच वळचण बावीसपट लहान केली की थेंब कडेला चिकटून राहतो आणि भिंतीवरून खाली उतरतो. म्हणून आमचं छप्पर नकाशातल्या मापापेक्षा थोडं पुढे असतं, भिंतीपासून किमान ८ मिमी, आणि कडेच्या खालच्या अंगाला २ मिमीची खाच असते. खाचेपाशी थेंब तुटतो. भिंत आणि फलाट यांच्यातही तोच हिशेब. १ मिमीची फट पाणी ओढून घेते आणि धरून ठेवते, म्हणून तिथे ५ मिमी मोकळी जागा सोडतो. तळ उघडा, इमारत १० मिमीच्या पायांवर, वळचणीखाली हवेची भोकं आणि गांधीलमाश्या शिरू नयेत म्हणून त्यांवर स्टेनलेसची बारीक जाळी.

कामाची मापं घेताना आधी प्रमाण विचारतो, म्हणजे मॉडेल खऱ्यापेक्षा किती पट लहान आहे ते (१:३२ म्हणजे बत्तीसपट लहान). १९६८ साली जर्मनीच्या लेहमान कंपनीने एलजीबी ही बागेतली मॉडेल रेल्वे आणली, तेव्हापासून ४५ मिमी गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) रूळ बागेत रुळला; पण त्याच रुळावर १:३२, १:२२.५ आणि १:२०.३ अशी वेगवेगळी प्रमाणं धावतात. खरं दोन मीटरचं दार त्या क्रमाने सुमारे ६२, ८९ आणि ९८ मिमी होतं. स्थानक सुंदर आहे, पण गार्ड दारात मावत नाही, अशी चूक इथेच होते.

भिंतींसाठी प्लायवूड आम्ही लवकर सोडलं. मरीन प्लाय, म्हणजे पाण्यासाठी बनवलेलं प्लायवूडसुद्धा कापलेल्या कडेतून पाणी पितं आणि उकलतं. आता ६ मिमी फोम पीव्हीसी शीट वापरतो. ती कुजत नाही, पण उन्हाला भिते. गडद छप्पर कडक उन्हात ६० अंशांच्या पुढे जातं आणि तेवढ्यात ही शीट मऊ पडायला लागते. त्यामुळे छप्पर १ मिमी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. आता इथे दुसरी अडचण येते. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर एक मीटर पीव्हीसी सुमारे अडीच मिमी वाढतं, अॅल्युमिनियम एक मिमीही नाही. दोन्ही घट्ट आवळले की भिंत फुगते. म्हणून एक टोक पक्कं आणि पुढची सगळी भोकं लांबट ठेवतो: ३ मिमीच्या स्क्रूला ५ मिमीची खाच. स्क्रू ३०४ दर्जाच्या स्टेनलेसचे, समुद्राकाठी जास्त गंजरोधक ३१६ दर्जाचे.

थ्रीडी प्रिंटिंग आलं तेव्हा सिग्नलचे हात पीएलए या प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये काढले होते. तेही साधारण ६० अंशांना सैल पडतं. ‘थांबा’ दाखवणारा हात आपोआप ‘जा’ दाखवू लागतो. आता बाहेरचं सगळं एएसए या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये, कारण ते उष्णता आणि अतिनील किरणं दोन्ही सोसतं.

आमचं सर्वांत आवडतं काम सिमेंटचं. बोगद्याचं तोंड, कमानी, मागची माती धरणारी भिंत. वजनाने एक भाग सिमेंट, अडीच भाग चाळलेली बारीक रेती, सिमेंटच्या ०.४ पट पाणी आणि थोडं प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही मिश्रण सैल ठेवणारं द्रव्य). जाडी २० ते २५ मिमी. आधी आत कोंबडजाळी घालत होतो. ती चूक होती. एवढ्या पातळ आवरणात लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि भिंत आतून फोडतो. आता १२ मिमीचे अल्कलीरोधक काचतंतू घालतो. साधे काचतंतू नकोत, सिमेंटमधला अल्कली त्यांना खातो.

दगडांचे सांधे कोरायची वेळ साधावी लागते. साधारण चार ते सहा तासांनी खिळ्याने ओरखडा काढून पाहावा. चिखलासारखा लेप सरकला तर थांबा. रेतीचे कण उपटून आले तर उशीर झाला. कोरडी भुकटी निघून स्वच्छ रेघ उमटली की हात लावायचा, आणि मग तासाभरात आटपायचं. नंतर प्लास्टिकखाली सात दिवस ओलं ठेवणं. यात घाई केली की पृष्ठभाग पिठासारखा झडतो. रंग २८ दिवसांनंतरच, नाहीतर पांढरे क्षार रंग उचलून टाकतात. खरं तर आम्ही रंग टाळतोच आणि सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत आयर्न ऑक्साइडची रंगभुकटी मिश्रणातच घालतो. ती उन्हात विटत नाही आणि कोपरा उडाला तरी आतून तोच रंग दिसतो.

बोगद्याची रुंदी नकाशावरून ठरवू नका. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत झुकतो आणि टोकं बाहेर फेकली जातात. सर्वांत लांब डब्याच्या मध्याला आणि टोकांना पेन्सिली बांधून तो रुळावरून हाताने फिरवा. उमटलेल्या रेघांच्या बाहेर दोन्हीकडे १५ मिमी सोडा. हात ६० सेंमीपर्यंत पोचतो, म्हणून १.२ मीटरपेक्षा लांब बोगद्याला उचलता येणारं झाकण हवंच. घसरलेली गाडी आणि आत घर केलेली घूस, दोन्हींसाठी!

लाकडी पूल सागवानाच्या पट्ट्यांचे. डी-४ दर्जाचा, म्हणजे पाण्यात टिकणारा गोंद आणि शिवाय पितळी पिना, कारण लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि नुसता गोंद तुटतो. वर व्हार्निश नाही, तेल. व्हार्निशला तडा गेला की पाणी खाली अडकतं. खांब मातीत रोवायचे नाहीत. लाकडाचं टोक नळीसारखं पाणी ओढतं.

दिव्यांना १२ व्होल्टच्या एलईडी पुरतात. जोड जमिनीच्या वर ठेवावेत आणि वायर भोकात शिरण्याआधी खाली झोल द्यावा, म्हणजे थेंब तिथूनच गळतो.

सध्या साच्यात आहे ती तीन कमानींची भिंत. तिच्या पायाशी दर १५ सेंमीवर ६ मिमीची भोकं आहेत, मागे कापडात गुंडाळलेली खडी. गोठणारं पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. थंड जागी ही भोकं माती-पानांनी बुजली तर पहिल्याच हिवाळ्यात भिंत पुढे सरकेल. म्हणून प्रत्येक भिंतीबरोबर भोकं मोकळी करायला ४ मिमीची पितळी सळई आम्ही देतोच.