प्रोग्रॅम किती वेळ चालेल याचा अंदाज

मोठे काम करणारा प्रोग्रॅम सुरू करण्यापूर्वी तो किती वेळात संपेल याचा अंदाज लिहून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. हा अंदाज अगदी अचूक असण्याची गरज नसते. उत्तर सेकंदांत आहे, तासांत आहे की महिन्यांत, एवढे जरी आधी कळले तरी पुढचे बहुतेक निर्णय त्यावरून घेता येतात. सेकंदांचे काम असेल तर समोर बसून राहावे, तासांचे असेल तर रात्री लावून ठेवावे आणि मध्येच बंद पडले तर सगळे वाया जाऊ नये म्हणून अधूनमधून निकाल साठवण्याची सोय करावी, आणि महिन्यांचे असेल तर प्रोग्रॅम सुरूच न करता पद्धत बदलावी. अंदाज न बांधता सुरू केलेला प्रोग्रॅम तासभर काहीच बोलला नाही, तर तो काम करतो आहे की अडकून पडला आहे, हे ठरवायला आपल्या हातात काहीच नसते.

ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली जे सिद्ध केले ते आजच्या भाषेत असे सांगता येईल: कोणताही प्रोग्रॅम आणि त्याला दिलेला कोणताही डेटा पाहून तो कधीतरी थांबेल की नाही हे हमखास सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. थांबेल की नाही हेच सांगता येत नसेल, तर केव्हा थांबेल हे सांगणारी रीतही नाही, हे ओघाने आलेच. पण हा निष्कर्ष जगातल्या यच्चयावत प्रोग्रॅमसाठी एकच रीत शोधणाऱ्याला अडवतो. स्वतः लिहिलेला, ज्याचे लूप (पुन्हापुन्हा चालणारे भाग) आपल्याला पाठ आहेत असा एखादा प्रोग्रॅम घेऊन बसलेल्याला तो सहसा आड येत नाही. असा अंदाज म्हणजे मुळात दोन आकड्यांचा गुणाकार आहे: काम किती वेळा करायचे आहे, आणि एका वेळेला किती खर्च येतो.

पहिला आकडा कागदावरच निघतो. समजा, १० लाख नोंदींमधून दुबार आलेल्या नोंदी शोधायच्या आहेत. प्रत्येक नोंद इतर प्रत्येक नोंदीशी ताडून पाहायची म्हटले, तर सुमारे ५०,००० कोटी जोड्या होतात. सेकंदाला १० कोटी तुलना होतात असे धरले, तर ५,००० सेकंद, म्हणजे जवळपास दीड तास लागेल. त्याच नोंदी आधी क्रमाने लावून मग फक्त शेजारशेजारच्या ताडल्या, तर तुलना सुमारे २ कोटी होतात आणि काम सेकंदाच्या आतबाहेर संपते. दीड तास कदाचित चालूनही जाईल. पण पुढच्या वेळी नोंदी १ कोटी झाल्या की पहिल्या पद्धतीचा वेळ शंभरपट वाढून जवळपास सहा दिवसांवर जातो, आणि दुसरीचा काही सेकंदांवरच राहतो. वाढीचा हा वेग लिहिण्यासाठी संगणकशास्त्रात ‘बिग ओ’ ही खूण वापरतात. ती मूळची गणितातली. पाउल बाखमान यांनी १८९४ साली आणली आणि एडमुंड लांडाऊ यांनी रूढ केली. ती उपयोगी आहेच, पण ती वाढीचा वेग सांगते, वेळ सांगत नाही, आणि माझ्या मते शिकवताना नेमका हाच भाग राहून जातो. विद्यार्थी ‘एन वर्ग’, म्हणजे नोंदींच्या संख्येचा वर्ग, एवढे उत्तर देऊन थांबतो. त्याला सेकंद विचारले की तो गोंधळतो.

सेकंद काढायचे तर दुसरा आकडा हवा, आणि त्यासाठी काही ढोबळ प्रमाणे तोंडपाठ असावीत. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे एक आवर्तन सुमारे एक तृतीयांश नॅनोसेकंदाचे असते. जवळच्या कॅशमधून, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या छोट्या पण जलद मेमरीतून, आकडा आणायला नॅनोसेकंदभर लागतो, मुख्य मेमरीतून आणायला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास, एसएसडीवरून आणायला दहा-वीस ते शंभर मायक्रोसेकंद, आणि फिरत्या डिस्कवरचे एखादे ठिकाण गाठायला सुमारे १० मिलिसेकंद. एका खंडातून दुसऱ्या खंडातल्या सर्व्हरला विचारून उत्तर यायला १०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ सहज जातो. म्हणजे ‘एक नोंद वाचणे’ या एकाच क्रियेची किंमत नोंद कुठे आहे त्यावरून कोटीपटीने बदलू शकते. १० लाख नोंदी मेमरीतून वाटेल त्या क्रमाने वाचायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. त्याच नोंदी डेटाबेसला एकेक करून विचारल्या आणि प्रत्येक फेरीला एक मिलिसेकंद लागला, तर १,००० सेकंद, म्हणजे सतरा मिनिटे जातात, आणि त्यातला बराचसा वेळ आपला प्रोसेसर नुसता वाट पाहत असतो. अशा वेळी अल्गोरिदम सुधारत बसण्यात अर्थ नसतो. नोंदी हजार-हजारांच्या गठ्ठ्याने मागवाव्यात.

दोन्ही आकडे कागदावर निघत नसतील, तर मोजून पाहावे. डेटा दुप्पट करत जावे आणि वेळ किती पटीने वाढतो ते पाहावे. समजा, १०,००० नोंदींना ०.४ सेकंद लागला, २०,००० नोंदींना १.५ आणि ४०,००० नोंदींना ६.१ सेकंद लागले, तर दुपटीला जवळपास चौपट वाढ आहे, म्हणजे काम वर्गाच्या प्रमाणात वाढते आहे. १० लाख हे ४०,०००च्या पंचवीसपट आहेत, तेव्हा वेळ ६२५ पट, म्हणजे तासाभराहून थोडा जास्त होईल. दुपटीला दुप्पट वाढ असती तर काम सरळ प्रमाणात, आणि आठपट असती तर घनाच्या प्रमाणात वाढते आहे असे समजावे. फार छोट्या डेटावर मात्र हे मोजू नये, कारण तिथे प्रोग्रॅम सुरू होण्याचाच वेळ जास्त भरतो आणि वाढ आहे त्यापेक्षा सौम्य दिसते.

या रीतीचा खरा धोका वेगळा आहे. छोटा डेटा कॅशमध्ये मावतो, मोठा मावत नाही; ती सीमा ओलांडली की प्रत्येक वाचनाची किंमत एकदम वाढते आणि आधीच्या मोजमापावरून काढलेला अंदाज अनेकपटीने चुकू शकतो. डेटा मुख्य मेमरीतही मावला नाही आणि संगणक डिस्कवर अदलाबदल करू लागला, तर अंदाज मोडीतच निघतो. म्हणून वेळेच्या आधी मी नेहमी डेटाच्या आकाराचा हिशोब करतो: एक नोंद किती बाइटची, एकूण किती गिगाबाइट, आणि त्यापुढे मशिनची मेमरी किती.

डेटाची ठेवणही तितकीच महत्त्वाची असते. आकडे क्रमाने लावण्याची टोनी होअर यांची क्विकसॉर्ट ही पद्धत सर्वसाधारणपणे अतिशय जलद आहे. एक आकडा पिव्हट म्हणून निवडायचा, बाकीचे त्याच्याहून लहान आणि मोठे असे वेगळे करायचे, आणि प्रत्येक गटात पुन्हा तेच करायचे. विस्कटलेल्या १ लाख आकड्यांना ती सरासरी २० लाखांच्या आसपास तुलना करते. पण दर वेळी पहिलाच आकडा पिव्हट म्हणून निवडणारी साधी आवृत्ती आधीच क्रमाने लावलेल्या डेटावर चालवली, तर तुलना ५०० कोटींच्या घरात जातात. चाचणीसाठी मोठ्या फाइलमधून वाटेल तशा नोंदी उचलल्या तर मूळ फाइलमधला क्रम नाहीसा होतो आणि चाचणी खुशाल चांगला वेळ दाखवते. त्यामुळे नमुना खऱ्या डेटासारखाच हवा, ही अट मी सोडत नाही.

काही प्रोग्रॅम असे असतात की त्यांचे काम ना कागदावर मोजता येते, ना छोट्या डेटावरून ताडता येते. एकेक पर्याय निवडत पुढे जायचे, वाट खुंटली की मागे येऊन दुसरा पर्याय घ्यायचा, अशा बॅकट्रॅकिंगच्या प्रोग्रॅममध्ये पर्यायांना पर्याय फुटून जे झाड तयार होते ते कुठे किती फांद्यांचे निघेल हे आधी सांगता येत नाही. त्यासाठी डोनाल्ड कनूथ यांनी १९७५ साली एका शोधनिबंधात मांडलेली युक्ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. सगळे झाड फिरायचेच नाही. मुळापासून सुरुवात करून प्रत्येक टप्प्यावर किती पर्याय आहेत ते मोजायचे, त्यातला एक चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा, आणि वाट संपेपर्यंत असेच जायचे. वाटेत भेटलेल्या पर्यायांच्या संख्यांचा क्रमाक्रमाने गुणाकार करून ते सगळे गुणाकार मिळवले, की झाडाच्या एकूण आकाराचा एक अंदाज मिळतो.

बुद्धिबळाच्या पटावर एकमेकांना मारणार नाहीत असे आठ वजीर ओळीओळीने बसवण्याचा प्रश्न घेऊ. पहिल्या ओळीत ८ पर्याय आहेत. डावीकडून पहिले घर निवडले, तर दुसऱ्या ओळीत ६ घरे सुरक्षित राहतात. तिथे तिसरे घर घेतले, तर तिसऱ्या ओळीत ४ उरतात. पाचवे घेतले, तर चौथ्या ओळीत ३. दुसरे घेतले, तर पाचव्या ओळीत २. आणि त्यांतले चौथे घेतले, की सहाव्या ओळीत एकही घर उरत नाही. गुणाकार अनुक्रमे ८, ४८, १९२, ५७६ आणि १,१५२ होतात. त्यांत मुळाचा १ मिळवला की अंदाज येतो १,९७७. प्रत्यक्ष सगळे झाड फिरून मोजले तर त्याचे २,०५७ बिंदू, म्हणजे वजिरांच्या पुऱ्या-अपुऱ्या मांडण्या, भरतात. ही जवळीक अर्थात नशिबाची आहे. याच वाटेवर चौथ्या ओळीत दुसऱ्याऐवजी सातवे घर घेतले, आणि पुढे दुसरे, चौथे व सहावे घेत गेले, तर वाट सातव्या ओळीपर्यंत जाते आणि अंदाज ४,२८१ येतो. पहिल्या ओळीत चौथे घर घेऊन पुढे दुसरे, पाचवे, तिसरे, पहिले आणि सातवे असे गेले, तर तो १,३६९ येतो. एकेकटा अंदाज असा वरखाली जातो. पण यदृच्छेने निवडलेल्या अनेक वाटांच्या अंदाजांची सरासरी खऱ्या आकड्याकडे झुकत जाते, हे गणिताने सिद्ध आहे. एका बिंदूवर किती वेळ लागतो तो आकडा याला गुणला, की जो प्रोग्रॅम वर्षानुवर्षे चालला असता त्याची कुंडली काही सेकंदांत हातात येते. झाड फार एकांगी असेल, म्हणजे बहुतेक फांद्या लवकर खुंटणाऱ्या आणि एखादीच अफाट वाढलेली असेल, तर मात्र पुष्कळ वाटा तपासाव्या लागतात.

हिशोब काटेकोर करूनही अंदाज कुठे फसतो हे समजून घ्यायचे, तर आरएसए या सांकेतिक पद्धतीच्या जनकांपैकी एक, रोनाल्ड रिव्हेस्ट, यांचे दोन अंदाज शेजारी ठेवून पाहावेत. १९७७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी या पद्धतीची ओळख करून दिली, तेव्हा १२९ अंकी संख्येचे अवयव पाडण्याचे एक आव्हानही दिले होते. एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाडायला ४० क्वाड्रिलियन वर्षे, म्हणजे ४ वर १६ शून्ये इतकी वर्षे लागतील, असा रिव्हेस्ट यांचा अंदाज तेव्हा गाजला. ते अवयव १९९४ साली मिळाले; सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून जोडलेली जवळपास १,६०० यंत्रे आठ महिने त्यासाठी राबत होती. दरम्यान क्वाड्रॅटिक सीव्ह ही अवयव पाडण्याची नवी पद्धत निघाली होती, त्यामुळे करायचे कामच आधी धरले होते त्याच्या मानाने नगण्य झाले.

दुसरा अंदाज १९९९ सालचा. या वेळी रिव्हेस्ट यांनी असे कोडे रचले की त्यातले काम मोजून ठरलेले होते: एका संख्येचा वर्ग करायचा, दिलेल्या मोठ्या संख्येने भागून बाकी घ्यायची, त्या बाकीचा पुन्हा वर्ग करायचा, आणि हे सुमारे ८० लाख कोटी वेळा करायचे. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचे उत्तर लागते, म्हणून हजार यंत्रे जोडूनही उपयोग नाही. संगणक दरवर्षी बदलत गेला आणि त्याचा वेग वाढत गेला असे गृहीत धरूनही ३५ वर्षे लागावीत, असा त्यांचा हिशोब होता. बर्नार्ड फाब्रो या प्रोग्रॅमरने एका साध्या संगणकावर सुमारे साडेतीन वर्षे प्रोग्रॅम चालवून एप्रिल २०१९मध्ये ते कोडे सोडवले. साडेतीन वर्षांचे जवळपास ११ कोटी सेकंद होतात. भागाकार केला, तर सेकंदाला सात लाखांहून अधिक वर्ग झाले असे दिसते. त्याच सुमारास खास बनवलेल्या हार्डवेअरवर दुसऱ्या एका गटाने तेच काम दोनेक महिन्यांत आटोपत आणले होते. म्हणजे पहिल्या वेळी कामाची संख्या फसली. दुसऱ्या वेळी ती तंतोतंत बरोबर होती, पण एका पायरीची किंमत फसली. अंदाजासोबत त्यामागची गृहीतके लिहून ठेवलेली असली, की यातला कोणता आकडा चुकला हे नंतर बोट ठेवून दाखवता येते.

प्रोग्रॅम सुरू झाल्यावर अंदाज ताडून पाहण्यासाठी मी दर काही मिनिटांनी किती काम झाले ते लॉगमध्ये, म्हणजे प्रगतीच्या नोंदींच्या फाइलमध्ये, लिहायला लावतो. इथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवावी लागते. प्रत्येक नोंद फक्त तिच्या पुढच्या नोंदींशी ताडायची असेल, तर सुरुवातीच्या नोंदींना जास्त तुलना कराव्या लागतात आणि शेवटच्यांना अगदी थोड्या. बाहेरचा लूप १० टक्के झाला तेव्हा १९ टक्के काम उरकलेले असते, आणि तो निम्म्यावर आला तेव्हा ७५ टक्के. लॉगमध्ये फक्त बाहेरच्या लूपची टक्केवारी लिहिली आणि पहिल्या १० टक्क्यांना लागलेल्या वेळाला दहाने गुणले, तर खऱ्या वेळेच्या जवळपास दुप्पट आकडा येतो, आणि नीट चाललेला प्रोग्रॅम माणूस विनाकारण बंद करतो. म्हणून लॉगमध्ये झालेल्या तुलनांची संख्या लिहावी, शेजारी एकूण तुलनांची संख्या लिहावी, आणि प्रत्यक्ष वेग आधी काढून ठेवलेल्या अंदाजाच्या एक तृतीयांशाहून कमी दिसला, तर प्रोग्रॅम थांबवून मेमरी आणि डिस्क आधी तपासावी.