मग केस का नाही टाकली?

दुकानाच्या बाकड्यावर चहा पिता पिता, लग्नाच्या पंगतीत, दशक्रियेहून परतताना, सगळीकडे एकच प्रश्न : "आप्पा, नव्या गाडीचं एवढं झालं, मग शोरूमवर ग्राहक मंचात केस का नाही टाकली?" विचारणाऱ्याच्या आवाजात अर्धी काळजी असते, अर्धं "तुमच्यात दम नाही" असतं. आजवर मी विषय कापसाच्या भावावर नेत आलो. आता तुम्ही विचारलंतच, तर एकदाचं लिहून टाकतो.

गाडी कोणती, जळगावचं शोरूम कोणतं, ते सुचवलं कोणी, हे चोपडा तालुक्यात अर्ध्यांना पाठ आहे. नावं घेत नाही.

कायदा माहीत नाही म्हणून गेलो नाही, हे तेवढं डोक्यातून काढा. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे तुमच्या तोंडच्या मंचात, तक्रार देता येते. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी 400 रुपये, म्हणजे पंगतीतल्या आहेराहूनही कमी. वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. हे सगळं मी तुमच्या आधी वाचलंय. 1915 या हेल्पलाइनवर फोनही केला. तक्रार नोंदली गेली, मेसेज आला, आणि काही दिवसांनी शोरूमचं उत्तर आलं : ग्राहकाचं समाधान झालेलं आहे. कोणत्या ग्राहकाचं, देव जाणे.

दुसरा गैरसमज म्हणजे "डिझेल गाडी असतेच कटकटीची". नाही भो. गाडी वाईट नव्हती, मला चुकीची गाडी विकली. शोरूममधल्या पोरानं विचारलं होतं, रोज किती फिरता? मी म्हटलं घर, दुकान, शेत, आणि अधूनमधून जळगाव. तरी त्यानं डिझेलच गळ्यात मारली, ॲव्हरेजचा हिशोब ब्रोशरच्या मागे पेनानं करून दिला. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स हा गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या आधी काजळी अडवणारं फिल्टर असतं, त्याला डीपीएफ म्हणतात. ते भरत आलं की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून ते सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका चालीत पळावी लागते. माझं शेत दहा मिनिटांवर. तिकडे जाळायला सुरुवात होते, इकडे मी किल्ली काढून बांधावर उतरलेला असतो. न जळलेलं डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. विकताना यातलं अक्षरही कोणी बोललं नाही.

मला हे चोपड्याच्या फिटरनं शिकवलं. त्यानं डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, काढली, नाकाला लावली आणि न बोलता माझ्या हातात दिली. ऑइल वापरानं खाली जायला हवं, तर वरच्या खुणेच्याही वर बोटभर चढलेलं. चिमटीत घेतलं तर चिकटपणा नाही. वास डिझेलचा.

पण हे आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचं. तुम्हाला आखाजीचंच ऐकायचं असतं, म्हणून तेही सांगतो. पूर्ण कोणाला सांगितलेलं नाही.

आखाजीच्या तोंडावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला म्हणून गाडी जळगावला नेली. दिवसभर त्यांच्या गारेगार काचेच्या खोलीत बसलो. समोर टीव्हीवर बातम्या, बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन. काचेतून माझी गाडी दिसत होती. ती झाडाखाली उभी होती. दुपारी एक जण तिच्यात डोकं घालून काहीतरी लावून गेला, अगदी थोडा वेळ. मग ती वॉशिंगला गेली, परत येऊन उभी राहिली. संध्याकाळी बिल हातात आलं. त्यात डीपीएफ रीजनरेशन, म्हणजे तीच काजळी जाळणं, त्यात ऑइल बदल, त्यात ऑइल फिल्टर. म्हटलं, हे कधी केलं? सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "झालं ना काका, दिवा गेला बघा." दिवा खरंच गेला होता. गेट बंद व्हायची वेळ झालेली, मागे चार जण उभे. सही केली, पैसे दिले, विदगावचा पूल ओलांडून रात्री घरी आलो.

दुसऱ्या दिवशी लेकीला आणायला अमळनेरला गेलो. आखाजीला लेक माहेरी आली नाही तर तिची आई त्या दिवशी जेवत नाही, हे खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. येताना नात मांडीवर, वय आठ महिने. तापीचा पूल यायच्या आत दिवा परत लागला, मग शेजारचा दुसरा, आणि गाडीनं दमच सोडला. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी चाळीसच्या पुढे जाईना. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. इंजिनावर ताण नको म्हणून एसी बंद केला, काचा उघडल्या, तर आत नुसत्या झळा. नात लालबुंद होऊन रडत होती. लेक बाटलीतलं पाणी ओढणीवर ओतून तिच्या डोक्यावर धरत होती. मी टोल फ्री नंबरला पत्ता सांगत होतो आणि पलीकडची बाई विचारत होती, "सर, जवळची खूण सांगा." काय सांगू? डावीकडे केळी, उजवीकडे केळी.

शेवटी लेक म्हणाली, "पप्पा, यांना फोन करू का?"

जावई त्यांची जुनी पेट्रोल गाडी घेऊन आले. एक शब्द बोलले नाहीत, उलट माझ्यासाठी थंड पाण्याची बाटली आणली. लेकीला माहेरी न्यायला निघालेल्या बापाला वाटेत सासरहून गाडी मागवावी लागली. तुम्हाला यात एवढं काय, असं वाटेल. माझी झोप त्यानंच गेली, बिलाच्या आकड्यानं नाही.

सण झाल्यावर गाडी टोचन लावून जळगावला नेली. तोच ॲडव्हायझर. लोकांसमोर म्हणाला, "काका, तुम्ही गाडी नीट चालवत नाही. हायवेला काढा, जरा रगडा." तीस वर्षांहून जास्त काळ मी ट्रॅक्टर, जीप, टेम्पो सगळं चालवलं. त्याचं वय तेवढं नसेल. मी बोललो, खूप बोललो. मॅनेजर आला, चहा आला, "बघून घेतो" आलं.

मग बाहेर, जुने टायर रचलेले असतात त्या कोपऱ्यात, तिथलाच एक पोरगा हळूच जवळ आला. त्या दिवशी माझ्या गाडीत डोकं घालणारा तोच. म्हणाला, स्कॅनर लावून फक्त कोड, म्हणजे गाडीतली बिघाडाची नोंद, पुसला. जागेवर रीजनरेशन करायला वेळ जातो, इंजिन मोठ्यानं चालवावं लागतं, गाड्यांची लाइन होती, वरून सांगितलं राहू दे. ऑइलला हात लावला नाही. आणि लगेच : "आप्पा, मन्हं नाव लेऊ नका."

नाव घेणार नाही म्हणालो. तो आमच्या शेजारच्या गावचा. बाप माझ्या दुकानातून खत नेतो, वहीवर.

आता तुमचा प्रश्न. दिवा पुसला गेला, म्हणजे कोड गेला. ऑइल चोपड्याच्या फिटरनं बदललं. आयोग तज्ज्ञाकडून तपासणी करवू शकतो, पण त्या दिवशी काय केलं नाही, हे गाडी उघडून कसं दिसणार? ते सांगणारा माणूस एकच. त्याला उभं केलं तर त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. नाही केलं तर केसमध्ये उरतं काय?

तुम्ही म्हणाल, मालक सापडेल, पोरगा कशाला अडकेल? ते मला सांगू नका. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याचं कपाशीचं बियाणं उगवलं नाही. मीच त्याला म्हटलं, पावती जप, पंचनामा करून घे, केस टाक. शेतकरीही ग्राहकच, हे सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये स्पष्ट केलंय, हेही मीच सांगितलं. त्यानं टाकली. सामनेवाला क्रमांक एक कंपनी, क्रमांक दोन मी. बरोबरच होतं, बियाणं माझ्या काउंटरवरून गेलं होतं. पण कंपनीचा माणूस तारखेला क्वचित यायचा आणि मी दुकान बंद करून दर तारखेला बाहेरच्या बाकावर. शेवटी कंपनीनं पैसे दिले, मिटलं. गावात मात्र "बोगस बियाणंवाला" मलाच म्हणत होते.

तेव्हाचा मी आजच्या मला विचारतो : दुसऱ्याला केस टाक म्हणताना तुझा आवाज मोठा होता, मग आता पोराच्या आड का लपतोस? लपत नाही, असं छातीठोक सांगवत नाही. तारखांचा कंटाळा आहे. हे शोरूम व्याह्यांच्या ओळखीनं निवडलं होतं, तीही अडचण आहे. पण पोराचं नाव हा बहाणा आहे म्हणणाऱ्यानं त्याच्या बापासमोर उभं राहून तसं म्हणून दाखवावं. आणि गप्प बसल्यानं शोरूमचं फावतं, हेही मला कळतं. कळूनही पुढे सरकत नाही.

सध्या दर रविवारी कारण नसताना अडावद, धानोरा करून येतो, एका चालीत, काजळी जळावी म्हणून. ज्या ॲव्हरेजसाठी डिझेल घेतली ते डिझेल असं जातं. तुम्ही त्यालाही हसता. हसा.

मुदत अजून संपलेली नाही. भाच्यानं अर्ज टाइप करून ठेवलाय, साक्षीदाराची जागा कोरी आहे. तो म्हणतो, मामा, कोरी ठेवूनही दाखल होतो. होत असेल. मग मी म्हणेन काम केलं नाही, ते म्हणतील केलं, आणि पुढे ठेवतील ते बिल. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत "काम समाधानकारक" असं छापलंय आणि त्याखाली माझी सही आहे.